प्रस्तावना : फेस टिकतो तेव्हा

वर्गात श्वसनसंस्था सुरू करताना मी पहिला प्रश्न विचारतो, श्वास कोण घेतं? उत्तर ठरलेलं असतं : फुप्फुसं. हे उत्तर चूक आहे. फुप्फुसाकडे स्वतःला फुगवणारा एकही स्नायू नाही. छातीच्या तळाशी घुमटासारखं श्वासपटल असतं. ते खाली सरकतं, बरगड्या वर उचलल्या जातात, छातीतली जागा वाढते आणि फुप्फुस त्यामागे ओढलं जातं. लोहाराच्या भात्यात हवा कोंबावी लागत नाही. भाता उघडला की ती आपण होऊन येते. शांतपणे उच्छ्वास टाकताना तर स्नायूंना फारसं कामच नसतं. ताणलेलं रबर सैल सोडावं तसं फुप्फुस आपोआप आक्रसतं.

श्वासपटल पोटाच्या सीमेवर, पण त्याची नस निघते मानेतून. गर्भात ते मानेजवळ तयार होतं आणि खाली सरकताना नस सोबत घेऊन येतं, माहेरची ओढ सुटू नये तसं. मानेच्या वरच्या मणक्यांना मार बसला तर हातापायांबरोबर श्वासही थांबू शकतो, तो यामुळे.

नाक, घसा, स्वरयंत्र, श्वासनलिका ही नावं शाळेतच पाठ झालेली असतात, त्यामुळे त्यांवर मी रेंगाळत नाही. श्वासनलिकेला पुढे सुमारे २३ वेळा फाटे फुटतात आणि शेवटी ३० ते ५० कोटी वायुकोश लागतात. ते सगळे पसरले तर साधारण ७० चौरस मीटर, म्हणजे दोन बेडरूमचा फ्लॅट भरेल. बोलोन्याच्या मार्चेल्लो माल्पीगीने १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकातून हे कोश आणि त्यांभोवतीच्या केशवाहिन्या पाहिल्या. हार्वेने १६२८ साली रक्ताभिसरण मांडलं, तेव्हा धमन्या आणि शिरा यांना जोडणारा हा दुवा कोणाच्या नजरेस पडलेला नव्हता.

माझ्या मते खरा विषय इथून पुढे सुरू होतो. प्रत्येक वायुकोशाला आतून पाण्याचा पातळ थर असतो आणि पाण्याला आक्रसायचीच सवय. थेंब गोल होतो तो त्यामुळेच. या ओढीने कोट्यवधी कोश मिटून जायला हवेत. साध्या पाण्याचा फेस टिकत नाही. त्यात रिठा घुसळला की टिकतो. वायुकोशाच्या भिंतीतल्या काही पेशी असाच एक स्निग्ध रिठा बनवतात. त्याला सर्फॅक्टंट म्हणतात. कुर्ट फॉन नीरगार्डने १९२९ मध्ये दाखवलं की फुप्फुस हवेऐवजी द्रवाने भरलं तर ते फुगवायला कितीतरी कमी दाब पुरतो, कारण हवेला लागून असलेला तो आक्रसणारा थरच उरत नाही. ही नोंद जवळपास पाव शतक कोणी मनावर घेतली नाही.

मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी १९५९ मध्ये दाखवलं की दिवस भरण्याआधी जन्मलेली, श्वासासाठी झगडून दगावणारी बाळं याच रिठ्याच्या कमतरतेने दगावतात. तरी उपाय हाती नव्हता. १९६३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक या आजाराने दोन दिवसही जगला नाही. जपानच्या तेत्सुरो फुजिवारांनी गाईच्या फुप्फुसातून काढलेलं सर्फॅक्टंट दहा बाळांच्या श्वासनलिकेत सोडल्याचं प्रसिद्ध केलं, ते १९८० साली.

सातव्या महिन्यातलं मूल जगतं, आठव्यातलं नाही, असं आपल्याकडे अजूनही ऐकू येतं. फुप्फुसांचं म्हणणं याच्या बरोबर उलट आहे : गर्भात जास्त राहिलेला प्रत्येक आठवडा सर्फॅक्टंटची शिल्लक वाढवतो. सातव्या महिन्यातच कळा येऊ लागल्या तर आईला ‘बाळाच्या फुप्फुसांचं इंजेक्शन’ देतात. ते स्टेरॉइड असतं आणि बाळाच्या त्या पेशींना लवकर कामाला लावतं.

या पुस्तकात आकृत्या भरपूर आहेत, सूत्रं थोडी. गणिताची धास्ती असलेल्यांनी वायूंच्या दाबाचं प्रकरण पहिल्या वाचनात खुशाल सोडावं. उसाशाचं सोडू नये. दर चार-पाच मिनिटांनी आपण नकळत एक दुप्पट खोल श्वास घेतो आणि मिटू लागलेले कोश पुन्हा उघडतात. दुःखाशी त्याचा संबंध नसतोच असं नाही, पण ते काम बिनदुःखाचंही अखंड चालू असतं. पुस्तकातलं ते सगळ्यात छोटं प्रकरण आहे. तिथूनच वाचायला सुरुवात केली तरी चालेल.