तालुक्याची सरासरी आणि आपली गावे : बेळगाव, खानापूर व निपाणीतील विकासनियोजन

आमच्या मंडळातील बहुतेक घरांचे पत्ते दोन. नोकरी-धंद्यासाठी बेळगाव शहर, पुणे किंवा गोवा, आणि गणपती-शिमग्याला खानापूर, बेळगाव किंवा निपाणी तालुक्यातले गाव. त्यामुळे शहर आणि खेडे यांच्यातील अंतर आपल्याला नव्याने सांगावे लागत नाही. पण हे अंतर सरकारदरबारी कसे मोजले जाते, निधी कोणत्या आधारावर वाटला जातो आणि त्यात आपल्या गावाचे स्थान काय, याबद्दल सभासद वारंवार विचारतात. त्यासाठी ही माहिती एकत्र करून देत आहोत.

कर्नाटकात या विषयाचा मुख्य आधार म्हणजे डॉ. डी. एम. नंजुंडप्पा समितीचा अहवाल. प्रादेशिक असमतोल दूर करण्यासाठी २००० साली ही समिती नेमली गेली आणि २००२ मध्ये तिने अहवाल दिला. समितीने ३५ निकष लावून राज्यातील तेव्हाचे १७५ तालुके तपासले. त्यांपैकी ११४ तालुके मागास ठरले : ३९ अतिमागास, ४० अधिक मागास आणि ३५ मागास. अतिमागासांपैकी २६ उत्तर कर्नाटकातले होते. या अहवालावरून २००७-०८ पासून आठ वर्षांची विशेष विकास योजना आखली गेली, तिचा आकार ३१,००० कोटी रुपये होता. महाराष्ट्रात असेच काम प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने १९८३-८४ मध्ये केले होते. ‘अनुशेष’ हा शब्द मराठी वर्तमानपत्रांत रुळला तो त्यानंतर.

नंजुंडप्पा समितीचे मोठे योगदान हे, की मोजमाप जिल्ह्यावरून तालुक्यावर आले. आमच्या मते तिची मर्यादाही तिथेच आहे. तालुका हे एकक सरासरीवर चालते, आणि आपल्याकडची तफावत तालुक्याच्या पोटातच आहे. खानापूर तालुक्यात पूर्वेला बिडी, इटगी अशी सपाटीची, शेतीची गावे येतात आणि पश्चिमेला कणकुंबी, आमगाव, तळेवाडी अशी घाटमाथ्यावरची जंगलातली. दोन्हींचा हिशेब एकाच आकड्यात. निपाणीचे तर त्याहून वेगळे. समितीने पाहणी केली तेव्हा निपाणी चिकोडी तालुक्यात होती, त्यामुळे निपाणी शहर आणि भोवतालची गावे यांचा स्वतंत्र निर्देशांक निघालाच नाही. निपाणी तालुका प्रत्यक्षात आला २०१८ मध्ये.

आता बेळगाव शहर पाहू. १९९८ मध्ये विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ आले, २०१० मध्ये राणी चन्नम्मा विद्यापीठ. २०१२ मध्ये हलगा-बस्तवाडजवळ सुवर्ण विधानसौध उभे राहिले. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटी योजनेच्या देशातील पहिल्या वीस शहरांत बेळगावचे नाव आले. हे सगळे एका शहराला आणि त्याच्या कडेला मिळाले. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ४७,७९,६६१ आहे आणि त्यातील चारांपैकी सुमारे तीन माणसे खेड्यात राहतात.

शहर वाढते तेव्हा त्याला जमीन लागते, आणि ती भोवतालच्या शिवारातूनच येते. हलगा-मच्छे बायपास हे त्याचे आपल्या डोळ्यांसमोरचे उदाहरण. शहापूर, वडगाव, अनगोळच्या शिवारातली ही जमीन पिकाऊ, बासमती भाताच्या नावाने ओळखली जाणारी. शेतकरी न्यायालयात गेले, काम थांबले, पुन्हा सुरू झाले, पुन्हा थांबले. बेळगाव-कित्तूर-धारवाड रेल्वेमार्गालाही नंदिहळ्ळी परिसरातील शेतकऱ्यांनी विरोध केला. या विरोधाला ‘विकासाला आडकाठी’ म्हणणे सोपे आहे. पण रस्त्याने वाचणारा वेळ एकाचा आणि जाणारे शिवार दुसऱ्याचे, हे नकाशावर दिसत नाही.

खानापूरबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, सौंदत्तीजवळच्या नविलुतीर्थ धरणात साठते आणि तिचे पाणी हुबळी-धारवाडच्या नळांना जाते. म्हादईचा उगमही याच तालुक्यातला. १४ ऑगस्ट २०१८ रोजी लवादाने कर्नाटकाला जे १३.४२ टीएमसी पाणी दिले, त्यातील ३.९ टीएमसी कळसा आणि बंडुरा नाल्यांवरून मलप्रभेकडे वळवायचे आहे. खोऱ्यातल्या वापरासाठी ठेवले १.५ टीएमसी. म्हणजे जिथे पाऊस धो धो पडतो त्या गावांपेक्षा दूरच्या शहरांचा वाटा मोठा. ज्या भागातून पाणी जाते तिथल्या रस्त्या-दवाखान्याची तरतूद त्याच प्रकल्पाच्या खर्चात धरावी, असे आम्हाला वाटते. पण तो विषय पाणीवाटपाच्या वादात कायम मागे पडतो.

त्याच पट्ट्यात २०११ साली सुमारे १९० चौरस किलोमीटरचे भीमगड अभयारण्य जाहीर झाले. आतल्या गावांना पक्का रस्ता, पूल, वीज यांतील प्रत्येक गोष्टीसाठी वनखात्याची परवानगी लागते. पावसाळ्यात आजारी माणसाला तिरडीसारख्या डोलीवरून चालत आणावे लागते, हे आमगावसारख्या गावांबाबत वर्तमानपत्रांत अनेकदा आले आहे. मे २०२५ मध्ये तळेवाडीच्या कुटुंबांना स्थलांतराच्या मोबदल्याचा पहिला हप्ता देण्यात आला. मोबदला कुटुंबामागे पंधरा लाख. काही कुटुंबांना हा सुटकेचा मार्ग वाटला, काहींना देवस्थान आणि काजूची झाडे सोडवत नाहीत. रस्ता देण्यापेक्षा गाव उठवणे स्वस्त पडते का, हा प्रश्न मात्र नियोजनाचाच आहे.

निपाणीची अडचण वेगळी. तंबाखू आणि विडी यांवर उभे राहिलेले हे गाव. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी महामार्गावर बसले, त्यावर ६ एप्रिलला गोळीबार झाला, ही आठवण आजही घराघरांत आहे. तंबाखूचा धंदा ओसरत गेला, पण विडी वळणाऱ्या बायकांसाठी दुसरा मोठा रोजगार आला नाही. महामार्ग गावाला लागून आहे, रेल्वे नाही. बेळगाव सुमारे ७५ किलोमीटर, कोल्हापूर त्याच्या निम्म्याने जवळ. गावची मुले ज्या देवचंद कॉलेजात शिकली ते अर्जुननगर कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. दवाखान्यासाठीही लोक कोल्हापूरच गाठतात. कारदगा-भोज, जत्राट-भिवशी हे पूल पावसाळ्यात पाण्याखाली जातात ते वेदगंगा-दूधगंगेच्या पुराने, आणि दूधगंगेवरचे काळम्मावाडी धरण महाराष्ट्रात आहे. माणसे आणि नद्या दोन्ही राज्यांत वावरतात, आराखडे मात्र हद्दीवर थांबतात.

आराखडा ठरवायचा कुणी, याचे उत्तर घटनेत आहे. कलम २४३ झेडडीनुसार जिल्हा नियोजन समितीचे चार-पंचमांश सदस्य जिल्हा पंचायत आणि नगरसंस्थांच्या निवडून आलेल्या सदस्यांतून, ग्रामीण व शहरी लोकसंख्येच्या प्रमाणात यावेत. आपल्या जिल्ह्यात यातील सुमारे तीन-चतुर्थांश जागा खेड्यांच्या होतात. पण २०२१ मध्ये मुदत संपल्यावर कर्नाटकातील जिल्हा व तालुका पंचायतींच्या निवडणुका वर्षानुवर्षे रखडल्या. मग उरते ती पालकमंत्र्यांची केडीपी बैठक आणि अधिकाऱ्यांची यादी.

सभासदांना इतकेच सुचवतो : ग्रामपंचायतीचा वार्षिक आराखडा ग्रामसभेत ठरतो. गावी असाल तेव्हा ग्रामसभेची तारीख पीडीओंकडून विचारून घ्या, काम लेखी द्या आणि ठरावात नोंद झाली का ते पाहा. बाहेरगावी असलेल्यांनी घरच्यांकडून ठरावाची प्रत मागवावी.

२०२४ मध्ये राज्य सरकारने प्रा. एम. गोविंद राव यांच्या अध्यक्षतेखाली असमतोलाचा नव्याने अभ्यास करण्यासाठी समिती नेमली. मधल्या काळात जिल्ह्यातील तालुके दहाचे पंधरा झाले, त्यामुळे निपाणीचा हिशेब आता चिकोडीत न मिसळता वेगळा मांडता येतो. खानापूर अजून एकच तालुका आहे, कणकुंबी आणि इटगी एकाच सरासरीत.