रक्षकाचे मौन : न्हावा-शेवा येथील २०१७ ची घटना आणि संगणकातील अंगभूत संरक्षण

१

रायगड जिल्ह्याच्या उत्तर टोकास, उरण तालुक्यात, न्हावा व शेवा या दोन गावांच्या नावांनी ओळखले जाणारे बंदर मे १९८९ मध्ये सुरू झाले. मुंबई बंदराचा भार हलका करावा या हेतूने उभारलेले हे बंदर पुढील तीन दशकांत देशातील कंटेनर-वाहतुकीचे प्रमुख केंद्र बनले. त्यातील एक टर्मिनल २०१७ साली गेटवे टर्मिनल्स इंडिया ही संस्था चालवीत होती. डेन्मार्कच्या मर्स्क समूहातील ए. पी. एम. टर्मिनल्स आणि भारत सरकारची कंटेनर कॉर्पोरेशन यांची ती संयुक्त संस्था होय. मंगळवार, दिनांक २७ जून २०१७ रोजी या टर्मिनलवरील संगणकव्यवस्था कोसळली.

या घटनेचे स्वरूप नीट ध्यानात घेतले पाहिजे. धक्क्यास कोणतीही इजा झाली नव्हती. क्रेन शाबूत होत्या. कामगार हजर होते. परंतु कोणता कंटेनर कोणाचा, तो आवारातील कोणत्या रांगेत आहे व कोणत्या जहाजावर चढवावयाचा आहे, हे सांगणारी नोंद हाती उरली नाही. नोंदीवाचून कंटेनर म्हणजे निनावी पोलादी पेटी होय. काम हाताने चालविण्याची वेळ आली. आत येणारे व बाहेर जाणारे कंटेनर तुंबतील, हे ओळखून केंद्रीय जहाजवाहतूक मंत्रालयाने वाहतुकीचे नियमन व वाहनतळाची सोय करण्यात येत असल्याचे जाहीर केले. शेकडो मैलांवरून माल घेऊन आलेल्या ट्रेलरचालकास युरोपातील कोणत्या घडामोडीमुळे आपण खोळंबलो आहोत, याची कल्पना असणे शक्य नव्हते.

अशा प्रसंगी एक प्रश्न साहजिकच विचारला जातो. आजकालच्या प्रत्येक संगणकात विषाणूंपासून संरक्षण करणारा रक्षक बसविलेला असतो. मग तो कोठे गेला? हाच प्रश्न लहान प्रमाणावर घरोघरी उद्भवतो. पडद्याच्या कोपऱ्यातील ढालीवर लाल खूण दिसते. 'सुरू करा' असे लिहिलेली कळ दाबली जाते. आणि रक्षक सुरू होत नाही. या स्थितीस सर्रास 'बिघाड' असे म्हटले जाते. वस्तुतः रक्षकाचे मौन हे लक्षण आहे, रोग नव्हे. एकाच लक्षणामागे परस्परांहून भिन्न अशी कारणे असतात, आणि ती कारणे अंगभूत रक्षकाच्या इतिहासातूनच उलगडतात.

२

आय. बी. एम. धाटणीच्या वैयक्तिक संगणकांवर पसरलेला पहिला विषाणू म्हणून 'ब्रेन' याचा उल्लेख केला जातो. १९८६ साली लाहोर येथील दोन भावांनी तो लिहिला. त्यानंतरची सुमारे वीस वर्षे अँटिव्हायरस ही स्वतंत्रपणे विकत घ्यावयाची वस्तू होती. महाराष्ट्रात याचे ठळक उदाहरण पुण्याचे आहे. गणकयंत्रांच्या दुरुस्तीपासून व्यवसायास आरंभ करणारे कैलाश काटकर आणि त्यांचे बंधू संजय काटकर यांनी विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात 'क्विक हील' हा अँटिव्हायरस बाजारात आणला. या कालखंडात रक्षक हा बाहेरून आणून नेमलेला नोकर होता. घर बांधणाऱ्याने तो घराबरोबरच द्यावा, अशी अपेक्षा नव्हती.

ही स्थिती टप्प्याटप्प्याने पालटली. डिसेंबर २००४ मध्ये मायक्रोसॉफ्टने जायंट कंपनी सॉफ्टवेअर ही संस्था विकत घेतली. तिच्याच आज्ञावलीतून 'विंडोज डिफेंडर' घडला व २००६ साली तो प्रसृत झाला. तथापि हा डिफेंडर अँटिव्हायरस नव्हता. वापरकर्त्याची माहिती चोरून नेणाऱ्या हेरगिरीच्या आज्ञावल्या शोधणे, एवढेच त्याचे काम होते. विषाणूंचा प्रतिकार करण्यासाठी २००९ साली 'सिक्युरिटी इसेन्शियल्स' ही वेगळी आज्ञावली विनामूल्य देण्यात आली. ती बसविली की जुना डिफेंडर आपोआप बंद होत असे. पुढे २०१२ साली विंडोजची आठवी आवृत्ती निघाली. तीत विषाणूप्रतिकाराचे सर्व सामर्थ्य संगणकातच अंतर्भूत झाले, आणि त्यास पुन्हा 'विंडोज डिफेंडर' हेच जुने नाव देण्यात आले.

भाषेच्या इतिहासात अर्थविस्ताराची उदाहरणे विपुल आहेत. परंतु सहा वर्षांत एका नावाखालील वस्तूच बदलावी, हे विरळच. त्याचा व्यवहारातील परिणाम मोठा झाला. २०१० सालच्या संगणकावर 'डिफेंडर बंद आहे' ही सूचना बहुधा निरुपद्रवी असे, कारण दुसरा समर्थ रक्षक कामावर असे. २०१३ सालच्या संगणकावर मात्र, दुसरा रक्षक नसल्यास, तेच वाक्य घर उघडे पडल्याची वर्दी ठरले. शब्द तेच, लिपी तीच; पण त्यांच्यामागील वस्तुस्थिती उलटी झाली होती. जुन्या संगणकासाठी सांगितलेला उपाय नव्या संगणकास लावल्याने झालेले घोटाळे या अर्थांतरातून उद्भवले आहेत.

३

अंगभूत रक्षक सुरू न होण्याची मुख्य कारणे तीन सांगता येतील. त्यांस अनुक्रमे सहकारी, स्वामी आणि शत्रू अशी नावे देता येतील.

पहिले कारण सहकारी. एकाच फाइलवर दोन रक्षक एकाच वेळी झडप घालू लागले, तर संगणक मंदावतो व प्रसंगी अडून बसतो. म्हणून विंडोजमध्ये रक्षकांची एक नोंदवही ठेवलेली असते. घरगुती संगणकावर दुसऱ्या अँटिव्हायरसने तीत आपले नाव लिहिले, की डिफेंडर मागे सरतो. हा बिघाड नसून शिष्टाचार होय. अडचण उद्भवते ती पुढे. मुदत संपलेला अँटिव्हायरस वापरकर्ता काढून टाकतो, परंतु त्याचे अवशेष व नोंदवहीतील नाव मागे राहते. निवृत्त झालेल्या अधिकाऱ्याचे नाव दारावरील पाटीवर राहिले म्हणून नव्या अधिकाऱ्याने खुर्चीवर बसू नये, असा हा प्रकार आहे. अशा वेळी जुन्या अँटिव्हायरसच्या निर्मात्याने पुरविलेले खास साधन वापरून अवशेष समूळ काढणे व संगणक पुन्हा सुरू करणे, हा उपाय होय.

या शिष्टाचारास व्यापारी स्पर्धेचीही बाजू आहे, हे नमूद केले पाहिजे. नोव्हेंबर २०१६ मध्ये रशियात आणि जून २०१७ मध्ये युरोपीय आयोगाकडे कॅस्परस्की या कंपनीने तक्रार केली, की मायक्रोसॉफ्ट आपल्या डिफेंडरला अवाजवी झुकते माप देत आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये हा वाद मिटला. दारावर उभे राहण्याचा मान कोणाचा, याविषयी हे भांडण चालू असतानाच न्हावा-शेव्यावर संकट कोसळले.

दुसरे कारण स्वामी. संगणकाचा अधिकृत व्यवस्थापक धोरण ठरवून डिफेंडर बंद ठेवू शकतो. मोठ्या कार्यालयांत याची आवश्यकता असते. पूर्वी रजिस्ट्री या अंतर्गत नोंदकोशातील एक मूल्य बदलले, तरी हे साधत असे. मात्र हीच सोय अनधिकृत आज्ञावल्या बसविणाऱ्यांनीही वापरली. 'आधी अँटिव्हायरस बंद करा' ही त्यांची पहिली सूचना असते, आणि तो पुन्हा चालू करण्याची सूचना कोणीच देत नाही. यावर तोड म्हणून २०१९ साली रक्षकाच्या मांडणीत परस्पर फेरफार होऊ न देणारी व्यवस्था आली. ऑगस्ट २०२० पासून वापरकर्त्यांच्या संगणकांवर रजिस्ट्रीतील ते मूल्य दुर्लक्षिले जाऊ लागले. स्वामीची आज्ञा आणि स्वामीच्या नावाने दिलेली आज्ञा यांतील भेद ओळखण्याचाच हा प्रयत्न होय.

तिसरे कारण शत्रू. २००८ च्या नोव्हेंबरात आढळलेला 'कॉनफिकर' हा कीटक याचे अभिजात उदाहरण आहे. संगणकात शिरताच तो डिफेंडर, सुरक्षा-केंद्र आणि स्वयंचलित अपडेट या सेवा बंद पाडीत असे, आणि अँटिव्हायरस कंपन्यांच्या संकेतस्थळांची वाटही अडवीत असे. येथे रक्षकाचे मौन हाच आक्रमणाचा पुरावा ठरतो.

या तीन कारणांखेरीज निव्वळ जीर्णतेचीही कारणे आहेत. प्रणालीच्या फाइली खराब होतात. त्या विंडोजमधील तपासणीच्या आज्ञांनी दुरुस्त करता येतात. मदरबोर्डवरील लहानशी बॅटरी संपून संगणकाची तारीख मागे जाते, आणि मग वैध प्रमाणपत्रेही अवैध भासून अपडेट अडतात. तारीख दुरुस्त करणे हा अगदी क्षुल्लक वाटणारा उपाय म्हणून आरंभीच करून पाहावा.

कारण निश्चित करावयाचे, तर इतिहासाच्या अभ्यासकास परिचित असलेली रीतच कामी येते. विंडोज आपल्या घडामोडींचा रोजनामा ठेवते. डिफेंडरचे तत्क्षण संरक्षण बंद झाले, की ५००१ या क्रमांकाची नोंद त्यात पडते. त्या नोंदीच्या मागेपुढे काय घडले, हे पाहावयाचे असते. त्याच सुमारास दुसरा अँटिव्हायरस बसविला गेला असल्यास सहकाऱ्याकडे बोट जाते. धोरण बदलले असल्यास स्वामीकडे. आणि अनोळखी आज्ञावली चालविली गेली असल्यास शत्रूकडे. शत्रूचा संशय आल्यास आतल्या रक्षकाच्या साक्षीवर विसंबून राहणे योग्य नव्हे. विंडोज सुरू होऊ न देता बाहेरून करावयाची तपासणी अशा प्रसंगासाठीच उपलब्ध आहे.

४

आता न्हावा-शेव्याकडे पुन्हा वळणे इष्ट होईल. २७ जूनचा विषाणू 'नॉटपेट्या' या नावाने ओळखला जातो. पूर्वीच्या 'पेट्या' नामक खंडणीखोर विषाणूसारखा तो दिसे, पण तो नव्हता. म्हणून त्याचे नावच नकारातून घडले. तीनशे डॉलरची खंडणी तो मागत असे. परंतु ती देऊनही माहिती परत मिळण्याचा मार्ग नव्हता. त्याचा हेतू विध्वंसाचाच होता. अमेरिका व ब्रिटन यांच्या सरकारांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये त्याचे उत्तरदायित्व रशियन लष्करावर ठेवले.

त्याचा प्रवेश कसा झाला, हे महत्त्वाचे आहे. युक्रेनमध्ये करभरणीसाठी वापरल्या जाणाऱ्या 'एम. ई. डॉक' या आज्ञावलीच्या नित्याच्या अपडेटमधून तो पसरला. म्हणजे तो भिंत फोडून आला नाही. विश्वासातल्या दारातून, रीतसर परवाना दाखवून आला. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात याच किनाऱ्यावर कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे दस्तक जवळ असलेले जहाज निर्वेध जात असे, आणि नसलेले अडविले जाई. दस्तकाच्या पद्धतीचे बळ जेथे आहे, तेथेच तिचे मर्म आहे : दस्तक खरे असले, की गलबताच्या पोटात काय आहे याची झडती होत नाही.

आत शिरल्यावर नॉटपेट्या दोन वाटांनी पसरे. विंडोजमधील ज्या उणिवेचा त्याने लाभ घेतला, तिच्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजीच प्रसृत केली होती. ती न बसविलेले संगणक पहिल्या वाटेने बळी पडले. ती बसविलेले संगणकही सुरक्षित नव्हते; कारण एका संगणकाच्या स्मृतीतून व्यवस्थापकाचे परवलीचे शब्द चोरून, विंडोजच्याच व्यवस्थापन-साधनांनी तो दुसऱ्यात शिरे. शिवाय काही विशिष्ट अँटिव्हायरस जागे आहेत काय, हे तो आधी पाही आणि त्यानुसार आपली रीत बदली. रक्षकास नि:शब्द करण्याचे कष्ट कॉनफिकरने घेतले होते. नॉटपेट्याने रक्षकाची केवळ गणती केली व घराच्याच किल्ल्या वापरल्या.

मर्स्क समूहाच्या ७६ टर्मिनलांपैकी १७ टर्मिनलांना याची झळ लागली. समूहाचे अध्यक्ष जिम हागेमान स्नाबे यांनी जानेवारी २०१८ मध्ये दावोस येथे सांगितल्यानुसार, ४,००० सर्व्हर, ४५,००० संगणक व २,५०० आज्ञावल्या दहा दिवसांत नव्याने उभ्या कराव्या लागल्या. नुकसान २० ते ३० कोटी डॉलर होईल, असा समूहाचा अंदाज होता. संपूर्ण जाळ्यातील संगणकांची ओळख ठेवणारे सुमारे दीडशे सर्व्हर एकमेकांच्या प्रती ठेवीत असत; एक नष्ट झाल्यास दुसरे उरतील, हा त्यामागील विचार. सगळे एकाच वेळी नष्ट होतील, ही शक्यता गृहीत धरलेली नव्हती. अखेर घाना देशातील एकच सर्व्हर शाबूत सापडला. हल्ल्यापूर्वी तेथील वीज गेल्यामुळे तो बंद होता. त्याच्यातील माहितीवरून जाळे पुन्हा विणले गेले.

५

या इतिहासातून अंगभूत रक्षकाचे अवमूल्यन करावे, असे निष्पन्न होत नाही. घरगुती संगणकावर तो चालू असणे अगत्याचे आहे, आणि चालू नसेल तर सहकारी, स्वामी व शत्रू यांपैकी कोण कारणीभूत आहे याचा क्रमाने शोध घेणे हेच शहाणपणाचे आहे. कारण न शोधता कळ पुनःपुन्हा दाबल्याने, किंवा घाईने तिसराच अँटिव्हायरस बसविल्याने, मूळ कारण झाकले मात्र जाते.

परंतु रक्षक जागा आहे एवढ्यावरून घर सुरक्षित आहे, असा निष्कर्ष काढणे ही उलट बाजूची तितकीच मोठी चूक होय. वेळेवर बसविलेली दुरुस्ती, परस्परांपासून अलग ठेवलेली जाळी, मर्यादित वाटलेले अधिकार आणि जाळ्याबाहेर जपून ठेवलेली प्रत, या चार गोष्टींची उणीव कोणताही रक्षक भरून काढू शकत नाही. घानामधील तो सर्व्हर वाचला, तो पहारा चोख होता म्हणून नव्हे, तर वीज गेली म्हणून. जगभरच्या बंदरांचे व्यवहार अशा योगायोगावर तरले, आणि जाळ्याबाहेरची प्रत ही योगायोगावर सोडण्याची बाब नव्हे, हे न्हावा-शेव्याच्या फाटकाबाहेर खोळंबलेल्या वाहनांइतके स्पष्टपणे दुसऱ्या कशानेही दाखविले नसते.