प्रशिक्षकांचे विशेषीकरण

प्रशिक्षण हा व्यवसाय करणाऱ्या व्यक्तीने सर्व प्रकारच्या शिष्यांना सर्व काही शिकवण्याऐवजी एखादे मर्यादित क्षेत्र निवडून त्यातच काम करणे, याला प्रशिक्षकांचे विशेषीकरण म्हणतात. हे क्षेत्र विषयानुसार (उदा. रायफल नेमबाजी), शिष्यवर्गानुसार (उदा. शाळकरी मुली) किंवा उद्दिष्टानुसार (उदा. पोलीस भरती) ठरू शकते. विशेषीकरण व्यवसायाला लाभदायक ठरेल की नाही, हे मुख्यतः परिसरातील मागणी, प्रशिक्षकाच्या उत्पन्नाची व्यवस्था आणि शिष्याची पातळी यांवर अवलंबून असते. कुस्ती व नेमबाजीची परंपरा असलेल्या कोल्हापूर जिल्ह्यात याची अनेक उदाहरणे आढळतात.

आर्थिक आधार

ॲडम स्मिथ यांनी 'वेल्थ ऑफ नेशन्स' (१७७६) या ग्रंथात श्रमविभागणीची मर्यादा बाजारपेठेच्या विस्ताराने ठरते, असे प्रतिपादन केले. विरळ वस्तीच्या डोंगराळ भागात एकाच माणसाला अनेक कामे करावी लागतात. एकाच कामावर उपजीविका मोठ्या वस्तीत शक्य होते. प्रशिक्षकांनाही हे तत्त्व लागू पडते. उदाहरणादाखल, एखाद्या प्रशिक्षकाचे घर ४० शिष्यांच्या शुल्कावर चालत असेल आणि हजार मुलांमागे दोघेच तो विषय निवडत असतील, तर त्याला २० हजार मुलांची वस्ती आवश्यक ठरते.

कागल तालुक्यातील बिद्री हे दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे परिचित असलेले गाव आहे. अशा ऊसपट्ट्यातील अनेक कुटुंबांच्या हाती रोख रक्कम दरमहा न येता उसाच्या बिलासोबत येते. त्यामुळे तेथे केवळ एका विषयाच्या मासिक शुल्कावर विसंबणे शहरापेक्षा अधिक जोखमीचे असते.

कुस्तीतील परंपरा

कोल्हापूरच्या तालमींमधील वस्ताद हे विशेषज्ञ प्रशिक्षकाचे जुने उदाहरण होय. राजर्षी शाहू महाराजांनी (कारकीर्द १८९४–१९२२) मल्लांना राजाश्रय दिला आणि खासबाग मैदान उभारले. आश्रयामुळे वस्तादाची उपजीविका प्रत्येक शिष्याच्या शुल्कावर अवलंबून राहिली नाही व एकाच विद्येत आयुष्य घालवणे त्याला शक्य झाले. मात्र हा वस्ताद डावपेचांबरोबरच मल्लाचा व्यायाम, खुराक, झोप आणि वर्तन यांवरही लक्ष ठेवत असे. म्हणजे विषय एकच असला, तरी शिष्याची जबाबदारी सर्वांगीण होती.

आंतरराष्ट्रीय स्पर्धांमुळे या विद्येत पोटविभाग पडले. मातीत घडलेल्या खाशाबा जाधव यांना १९४८ च्या लंडन ऑलिंपिकपूर्वी रीस गार्डनर या अमेरिकी प्रशिक्षकाचे मार्गदर्शन लाभले. गादीवरील कुस्तीचा फारसा सराव नसतानाही ते त्या स्पर्धेत सहावे आले आणि १९५२ मध्ये हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक मिळवले. महाराष्ट्र केसरी स्पर्धेतही माती आणि गादी असे दोन विभाग असून त्यांतील विजेत्यांमध्ये किताबाची लढत होते. त्यामुळे दोन्ही प्रकार जाणणाऱ्या वस्तादाचे महत्त्व टिकून आहे.

नेमबाजीतील परिस्थिती

नेमबाजीत साधने महाग व शिष्य मोजके असल्याने विशेषज्ञ प्रशिक्षक प्रायः मोठ्या केंद्रांतच आढळतात. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे हे शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुढे आले. दीपाली देशपांडे यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक जिंकले. देशपांडे यांनी स्वतः २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये रायफल नेमबाजीत भारताचे प्रतिनिधित्व केले होते. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत रायफल प्रकारात, तर राही सरनोबत पिस्तूल प्रकारात प्रसिद्ध आहेत. दोन्ही प्रकारांची तंत्रे भिन्न असल्याने उच्च पातळीवर त्यांचे प्रशिक्षकही सामान्यतः वेगळे असतात. अशा विशेषीकरणाचा खर्च बहुधा शासन, क्रीडासंघटना किंवा प्रायोजक उचलतात. केवळ गावातील शुल्कावर तो भागत नाही.

उद्दिष्टानुसार विशेषीकरण

ग्रामीण महाराष्ट्रात पोलीस भरतीची तयारी करून घेणाऱ्या अकादमी हे याचे ठळक उदाहरण आहे. शिपाई पदाच्या शारीरिक चाचणीत पुरुषांसाठी १६०० मीटर व १०० मीटर धावणे आणि गोळाफेक यांचा समावेश असतो. महिलांना १६०० ऐवजी ८०० मीटर धावावे लागते. त्याखेरीज लेखी परीक्षा असते. येथे प्रशिक्षकाला अनेक विषय हाताळावे लागतात, परंतु उद्दिष्ट एकच असते. शिष्य लांबच्या गावांतूनही येत असल्याने लहान गावाची मर्यादा काही प्रमाणात ओलांडली जाते. मात्र भरतीची जाहिरात लांबल्यास संपूर्ण व्यवसायच अडचणीत येतो.

व्यक्तिगत व व्यावसायिक मार्गदर्शन

जीवनविषयक किंवा व्यवसायविषयक मार्गदर्शन करणाऱ्या 'कोच' मंडळींमध्येही विशेषीकरणाचा प्रश्न चर्चिला जातो. या क्षेत्रातील आंतरराष्ट्रीय कोचिंग फेडरेशन ही संस्था १९९५ मध्ये स्थापन झाली. भारतात अशा मार्गदर्शकांसाठी कायद्याने सक्तीचा परवाना नाही. त्यामुळे एखाद्या क्षेत्रातील प्रत्यक्ष अनुभव हाच ग्राहकाच्या विश्वासाचा मुख्य आधार ठरतो, तसेच स्वतःला विशेषज्ञ म्हणवून घेणे कोणालाही सोपे जाते. दूरचित्रसंवादामुळे ग्राहक गावाबाहेरचा असू शकतो. परिणामी बाजारपेठ वाढते आणि तिच्याबरोबर स्पर्धाही वाढते.

लाभ व मर्यादा

विशेषीकरणामुळे प्रशिक्षकाची ओळख लवकर निर्माण होते, एकाच प्रकारच्या चुका वारंवार पाहून त्याचे निदान अचूक होते आणि शुल्क अधिक आकारता येते. याउलट मागणी घटल्यास दुसरा आधार राहत नाही. शिष्याच्या दृष्टीनेही धोका संभवतो. आपलाच विषय शिकवण्यात प्रशिक्षकाचे हित गुंतलेले असल्याने मुलाला दुसरा खेळ अधिक मानवेल, हे सांगण्यास तो कचरू शकतो. अमेरिकी बालरोगतज्ज्ञ अकादमीने २०१६ च्या अहवालात एकाच खेळाची निवड साधारण १५–१६ वर्षांपर्यंत लांबवण्याची शिफारस केली आहे. त्यामुळे प्रारंभिक वयोगटात अनेक खेळ जाणणाऱ्या प्रशिक्षकाची उपयुक्तता अधिक असते.

लहान गावांत यातून मध्यम मार्ग निघतो. शाळेतील नोकरी, शेती किंवा सर्वसाधारण व्यायामवर्ग हा उत्पन्नाचा आधार ठेवून प्रशिक्षक एका विषयात प्रावीण्य वाढवतो आणि निवडक शिष्यांना योग्य वेळी मोठ्या केंद्राकडे पाठवतो.

हेही पहा

कुस्ती
खाशाबा जाधव
श्रमविभागणी
बिद्री