चेहऱ्यावरून आयरिश मनुष्याचा प्रांत ओळखतां येतो काय?

आयर्लंडांत, आणि तेथून अमेरिकेस गेलेल्या आयरिश कुटुंबांत, अशी एक समजूत चालत आली आहे कीं, मनुष्याचें तोंड पाहून त्याचे पूर्वज कोणत्या प्रांतांतले हें सांगतां येतें. काळे केस व सांवळा वर्ण दिसला कीं तो पश्चिम किनाऱ्याचा, १५८८ सालीं तेथें फुटलेल्या स्पॅनिश आरमारांतील खलाशांचा वंशज. उंच व भुरा असेल तर नॉर्स चांच्यांचा. या समजुतीस पुराव्याचा आधार कितपत आहे हें पाहावयाचें आहे.

आरमाराची कथा प्रथम निकालांत काढूं. जहाजें फुटलीं हें खरें. परंतु त्यांवरील लोक बहुतेक बुडाले, आणि जे किनाऱ्यास लागले त्यांपैकीं पुष्कळ इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकुमानें मारले गेले. उरलेल्या मूठभरांमुळें सबंध किनाऱ्याचा वर्ण पालटला हें संभवत नाहीं.

चेहऱ्याच्या या शास्त्रास आंकड्यांचें रूप जॉन बेडो या इंग्रज वैद्यानें १८८५ च्या आपल्या ‘ब्रिटनमधील वंश’ या ग्रंथांत दिलें. ठिकठिकाणच्या लोकांचे केस व डोळे पाहून त्यानें ‘कृष्णतांक’ काढला. गडद केसांच्या माणसांची संख्या घ्यावयाची, तींत अगदीं काळ्या केसांच्या संख्येची दुप्पट मिळवावयाची, व तांबड्या आणि भुऱ्या केसांचीं माणसें वजा करावयाचीं, असें त्याचें गणित. दुप्पटच कां, दीडपट कां नाहीं, याला इतिहासांत आधार नाहीं. शिवाय एखाद्या प्रांतांत काळ्या केसांचीं माणसें अधिक आहेत एवढ्यावरून काळ्या केसांचा अमुक मनुष्य त्याच प्रांतांतला हें ठरत नाहीं. साऱ्या वादाची मेख येथें आहे.

१८९१ सालीं डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजांत मानवमापनाची प्रयोगशाळा निघाली. आल्फ्रेड हॅडन व चार्ल्स ब्राऊन यांनीं आरान बेटांवरील लोकांचीं मापें घेऊन १८९३ सालीं वृत्तांत प्रसिद्ध केला. हे लोक म्हणजे दंतकथेंतील फिरबोल्ग जातीचे अवशेष, असें मानीत. फिरबोल्ग ठेंगणे व काळे म्हणून वर्णिले आहेत. मोजलेले लोक तसे निघाले नाहींत. तेव्हां ते कोणत्या वंशाचे हें आपण सांगूं धजत नाहीं, असें या दोघांनीं लिहून ठेविलें. हा प्रांजळपणा स्तुत्य खरा. पण याच हॅडननें १८९० सालीं इनिशबोफिन बेटावरील जुन्या मठांतून कवट्या गुपचूप उचलून नेल्या होत्या. बेटवाल्यांनीं त्या परत मागितल्या, आणि २०२३ च्या जुलैंत, १३३ वर्षांनीं, त्यांचें तेथें दफन झालें.

हेंच मापन हर्बर्ट रिस्ले यानें हिंदुस्थानांत चालविलें व मराठ्यांस ‘शक-द्राविड’ ठरविलें. केंब्रिजांत याच हॅडनच्या हाताखालीं शिकलेले मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांनीं १९३२ च्या आपल्या ग्रंथांत रिस्लेचे आंकडे पुन्हा तपासून, त्याचा नाकाचा सिद्धान्त उत्तर हिंदुस्थानाबाहेर टिकत नाहीं असें दाखविलें.

१९३० नंतर हार्वर्ड विद्यापीठाच्या मंडळानें सुमारें १०,००० आयरिश पुरुष मोजले. हूटन व डुपर्टुइस यांचा त्यावरील ग्रंथ १९५५ सालीं निघाला. प्रांतोप्रांतींच्या सरासरींत कांहीं अंतर आढळलें. पण निळे डोळे व तपकिरी केस सर्वत्रच. शिवाय हूटननें केस, डोळे व डोक्याचा आकार यांवरून आधीं ‘प्रकार’ बांधले व मग तेच लोकांत शोधले.

मग प्रांतभेद मुळींच नाहीं काय? तसेंहि नाहीं. ज्यांचे आठहि पणजोबा-पणज्या परस्परांपासून ५० किलोमीटरांच्या आंत जन्मले, अशा १९४ आयरिश लोकांच्या डीएनएचा अभ्यास २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत १० गट निघाले व ते बव्हंशीं जुन्या प्रांतांशीं जुळले. उल्स्टरमधील १६०९ नंतरच्या स्कॉच व इंग्रज वसाहतींची खूणहि त्यांत दिसते. परंतु हे भेद इतके सूक्ष्म आहेत कीं, डीएनएमधील लक्षावधि स्थळें एकत्र पडताळल्यावांचून ते उमगत नाहींत. चेहरा घडविणारीं जनुकें शंभराहून अधिक असून तीं युरोपभर पसरलेलीं आहेत. सख्ख्या भावांचीं तोंडें जेथें जुळत नाहींत, तेथें प्रांताचें तोंड कोठून आणावयाचें?

तरी लोक चेहऱ्याकडे वळतात, याचें एक कारण कागदांच्या नाशांत आहे. जून १९२२ मध्यें यादवी युद्ध पेटतांच डब्लिनच्या फोर कोर्ट्समधील सरकारी दप्तरखाना जळाला. १८२१ ते १८५१ च्या खानेसुमाऱ्या जवळजवळ सर्व गेल्या. १८६१ ते १८९१ च्या सरकारनेंच पूर्वीं नष्ट केल्या होत्या. दप्तर गेलें कीं बखर पुढें येते, तशी येथें मुद्रा पुढें आली. तथापि १९०१ व १९११ च्या खानेसुमाऱ्या, १८४७ ते १८६४ मधील ग्रिफिथची जमीनपाहणी आणि कॅथलिक चर्चच्या पुष्कळ नोंदवह्या शाबूत आहेत. जळालेल्या कागदांच्या ठिकठिकाणीं मिळालेल्या नकलाहि २०२२ पासून लोकांस खुल्या झाल्या आहेत. मेयो किंवा केरी परगण्यांतील एखाद्या कुळाचा शोध घ्यावयाचा तर आरंभ तेथून करावा.