उपशामक सेवा : लोकजागृती

गंभीर आजारात वेदना, धाप, भीती आणि घरच्यांवरचा ताण हलका करणाऱ्या शुश्रूषेची समाजाला ओळख करून देण्याचे कार्य. ‘पॅलिएटिव्ह केअर’ हा शब्दही रूढ आहे.

उगम : सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडले. मुंबईत वांद्रे येथे १९८६ मध्ये शांती आवेदना सदन हे हॉस्पिस सुरू झाले (पहा : हॉस्पिस). भारताचा उपशामक सेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१२ चा. २०१४ च्या कायदादुरुस्तीने मॉर्फिन या वेदनाशामकाच्या परवान्यांची गुंतागुंत कमी केली (पहा : अमली पदार्थ कायदा).

वैशिष्ट्ये : ही सेवा म्हणजे ‘आता काही उरले नाही’, हा सर्वांत घातक गैरसमज; प्रत्यक्षात ती निदानापासूनच, उपचारांच्या जोडीने द्यायची असते. दुसरा अडसर मॉर्फिनच्या व्यसनाच्या भीतीचा. पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच दिले जाते; त्याची साधी गोळी सहसा दर चार तासांनी देतात, सोबत बद्धकोष्ठतेवरचे औषध. उरलेले पुष्कळसे घरच्यांच्या हातचे : कूस बदलणे, कोरडे ओठ ओल्या फडक्याने टिपणे, पाठीवर व्रण पडतो आहे का ते पाहणे.

महत्त्व : दुर्गम भागात ही जागृती अधिक निकडीची. उदाहरणार्थ, नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेली हे सरदार सरोवराच्या बुडिताचा फटका सोसलेले नर्मदाकाठचे गाव. या पट्ट्यात तरंगता दवाखाना होडीने फिरतो (पहा : सरदार सरोवर). नंदुरबारच्या आदिवासी समाजात आढळणाऱ्या सिकल सेल आजारात तीव्र कळा वारंवार उठतात. म्हणून या जिल्ह्यात ही सेवा केवळ कर्करोगाशी जोडणे अपुरे ठरते (पहा : सिकल सेल आजार). आशा स्वयंसेविकांना माहिती भिली, पावरीसारख्या बोलींतून सांगावी लागते. ‘किती दुखते?’ याचे उत्तर आकड्यापेक्षा बोटांवर दाखवणे सोपे जाते (पहा : आशा स्वयंसेविका).