मोंगो ग्रह आणि किब्ल्याचे गणित

बालपणी आवडलेल्या पुस्तकांचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. कवींचा, सुधारकांचा, चळवळींचा इतिहास लिहिला जातो आणि तो लिहिलाच पाहिजे. परंतु जगाचे पहिले चित्र माणसाच्या मनात उमटते ते दहाव्या-बाराव्या वर्षी, आणि पुष्कळदा एखाद्या फाटक्या, रंग उडालेल्या चित्रकथेतून. आमच्या पिढीपुरते बोलायचे तर हे चित्र 'इंद्रजाल कॉमिक्स'ने काढले. त्यातल्या विज्ञानकथेचे नाव होते 'फ्लॅश गॉर्डन'. या कथेत दोष आहेत, मोठे दोष आहेत. तरीही ती आम्हाला प्राणप्रिय होती. या दोन्ही गोष्टींचा एकत्र विचार करावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

'इंद्रजाल कॉमिक्स'चा पहिला अंक टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये मुंबईतून काढला. सुरुवात वेताळाच्या कथांनी झाली, मग मँड्रेक आला, फ्लॅश गॉर्डन आला. इंग्रजीबरोबर मराठी, हिंदी, गुजराती, बंगाली अशा अनेक भाषांत हे अंक निघत. १९९० मध्ये ते बंद पडले तेव्हा अंकांची संख्या आठशेच्या वर गेली होती. आमचे उधवा तलासरी तालुक्यात, गुजरात आणि दादरा-नगर हवेलीच्या सीमेलगत. तिथे पुस्तकांचे दुकान कुठले? डहाणू रोड स्टेशनवरून कोणी आणला, रद्दीत कोणाला सापडला, तर अंक हाती पडे. कधी तो मराठी असे, कधी गुजराती, कधी हिंदी. चित्रे मात्र सगळ्या भाषांत तीच. शेवटची पाने गळालेली असत, म्हणून गोष्टीचा शेवट ज्याने त्याने आपापल्या मनाने करायचा. विज्ञानकथेचे पहिले शिक्षण आम्हाला असे मिळाले.

पहिले पान

फ्लॅश गॉर्डनची जन्मतारीख ७ जानेवारी १९३४. चित्रकार अॅलेक्स रेमंड. अमेरिकेत त्या वेळी 'बक रॉजर्स' ही अंतराळकथा वृत्तपत्रांतून गाजत होती. तिला तोंड देण्यासाठी किंग फीचर्स या संस्थेने ही नवी मालिका काढली. इंद्रजालमधून आमच्याकडे आल्या त्या बहुतांशी पुढच्या काळातल्या, डॅन बॅरी यांनी काढलेल्या कथा. मूळ १९३४ ची पाने आता पुनर्मुद्रित संग्रहांतून पाहायला मिळतात, आणि त्यातले पहिलेच पान आमच्यासारख्या वाचकाला थांबवून ठेवते.

एक अनोळखी ग्रह पृथ्वीवर आदळायला निघाला आहे. जगाचा अंत जवळ आला आहे. अशा वेळी जगातली माणसे काय करताहेत, ते चित्रकार एकेका चौकटीत दाखवतो. आफ्रिकेच्या जंगलातले लोक ढोल बडवत आक्रोश करताहेत. वाळवंटातला अरब नशिबाला शरण जाऊन, मक्केकडे तोंड करून दुआ मागतो आहे. न्यूयॉर्कच्या चौकात गर्दी बातम्यांचा फलक वाचते आहे. आणि डॉ. झारकॉव्ह नावाचा शास्त्रज्ञ आपल्या वेधशाळेत अहोरात्र राबतो आहे. पुढे तोच फ्लॅश आणि डेल आर्डेन यांना पिस्तूल रोखून रॉकेटमध्ये बसवतो, आणि तिघे त्या मोंगो ग्रहाकडे झेपावतात.

विज्ञानाच्या नावाखाली या कथेत काय काय खपवले आहे, याची यादी करणे सोपे आहे. ग्रह धडकण्याइतका जवळ आला तर नुसत्या गुरुत्वाकर्षणाने समुद्र उसळतील, जमीन फाटेल. मोंगोवर मात्र श्वास घ्यायला हवा आहे, पंखवाली माणसे आहेत, सिंहमानव आहेत, आणि भाषेचीही फारशी अडचण पडत नाही. पण हे दोष आम्ही मोठे मानत नाही. कल्पनेला तेवढी सूट द्यावीच लागते. शिवाय झारकॉव्हची मूळ कल्पना, म्हणजे रॉकेट आदळून येणाऱ्या संकटाची वाट बदलणे, अगदीच वेडगळ नव्हती. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाचे 'डार्ट' यान डायमॉर्फॉस या सुमारे १६० मीटर रुंदीच्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवले गेले आणि त्याच्या प्रदक्षिणेचा काळ सुमारे ३२ मिनिटांनी कमी झाला. ग्रह आणि एवढासा खडक यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे, हे खरे. पण बीज तेच.

खरा दोष वेगळा आहे. संकटाच्या वेळी कोणी विचार करायचा आणि कोणी नुसते रडायचे, याची वाटणी त्या पहिल्या पानावरच होऊन गेली आहे. गोरा माणूस दुर्बिणीपाशी, अरब गुडघ्यांवर. प्रार्थना आणि विज्ञान ही दोन वेगळ्या माणसांची कामे, असे ते चित्र मुलाला न बोलता शिकवते.

मक्केकडे तोंड

आता इतिहास काय सांगतो ते पाहू. मक्केकडे तोंड करणे हीच मुळात गणिताची बाब आहे. आमच्या उधव्याचेच उदाहरण घ्या. मक्का आपल्यापेक्षा जेमतेम सव्वा अंश उत्तरेला आहे. सपाट नकाशावर रेघ ओढली तर किब्ला पश्चिमेपासून दोन-अडीच अंश उत्तरेकडे येईल. पण पृथ्वी गोल आहे. गोलावरचा सर्वांत जवळचा रस्ता धरून हिशेब केला तर तोच कोन सुमारे आठ अंशांचा होतो. गाव जितके दूर, तितका हा फरक वाढण्याचा संभव. हा हिशेब करण्यासाठी गोलावरच्या त्रिकोणांचे गणित लागते, आणि ते गणित वाढवण्यात मुस्लिम जगातल्या गणितज्ञांचा वाटा फार मोठा आहे.

अल-बिरुनीने (९७३-१०४८) गझनीचा किब्ला अचूक काढण्यासाठी शहरांचे अक्षांश-रेखांश कसे ठरवावेत यावर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला. तो १०२५ च्या सुमारास पूर्ण झाला. याच अल-बिरुनीने पंजाबातल्या नंदना किल्ल्याजवळच्या डोंगरावर उभे राहून, क्षितिज किती खाली झुकलेले दिसते ते मोजून, पृथ्वीची त्रिज्या काढली. त्याने हिंदुस्थानावर लिहिलेला ग्रंथ तर सर्वांना माहीत आहे. त्याच्याआधी अब्दुर्रहमान अल-सूफीने इ.स. ९६४ च्या सुमारास ताऱ्यांचा सचित्र ग्रंथ तयार केला होता. १२५९ मध्ये मराग्याची वेधशाळा उभी राहिली. पंधराव्या शतकात समरकंदला उलुगबेगाची. आपण ज्याला रोहिणी म्हणतो तो तारा जगभर 'अल्देबरान' म्हणून ओळखला जातो. आपला अभिजित 'वेगा' आहे, आपला श्रवण 'अल्टेर'. ही तिन्ही नावे अरबीतून गेलेली आहेत. झारकॉव्हने दुर्बिणीतून जे आकाश पाहिले, त्याच्या नकाशावरची निम्मी अक्षरे त्या गुडघ्यांवर बसलेल्या अरबाच्या पूर्वजांची होती. चित्रकाराला ते माहीत नसावे. वाचकाला माहीत असले पाहिजे.

मिंगचा चेहरा

मोंगोचा सम्राट मिंग. टक्कल, खाली झुकलेल्या मिशा, लांब नखे, उंच कॉलर, आणि मूळ रंगीत पानांत पिवळी कातडी. नाव चीनच्या मिंग राजघराण्यावरून (१३६८-१६४४), ग्रहाच्या नावात मंगोलांची आठवण. हा चेहरा रेमंडने शून्यातून काढलेला नाही. अमेरिकेने १८८२ मध्ये कायदा करून चिनी मजुरांना दार बंद केले होते. १९२४ च्या कायद्याने बहुतेक सर्व आशियाई लोकांचे स्थलांतर रोखले. इंग्लंडमध्ये सॅक्स रोमरच्या फू मांचू या चिनी खलनायकाच्या कथा १९१२-१३ पासून खपत होत्या. पूर्वेकडून कोणीतरी क्रूर, धूर्त, विलासी सुलतान चालून येणार, ही भीती हवेत होती. मिंग म्हणजे त्या भीतीला दिलेला अंतराळातला मुकुट. २०२० मध्ये १९८० च्या 'फ्लॅश गॉर्डन' चित्रपटाचे ब्रिटनमध्ये पुन्हा प्रदर्शन झाले, तेव्हा तिथल्या चित्रपट वर्गीकरण मंडळाने भेदभाव करणाऱ्या साचेबंद चित्रणाबद्दल प्रेक्षकांना सूचना दिली. म्हणजे दोष मान्य व्हायला ८६ वर्षे लागली.

इंद्रजालच्या संपादकांना अशा गोष्टी कळत नव्हत्या असे नाही. वेताळाच्या मूळ कथांत त्याच्या देशाचे नाव 'बंगाली' होते, ते इथे 'डेंकाली' झाले. समुद्री चाच्यांची टोळी 'सिंग' होती, ती 'सिंगा' झाली. भारतीय वाचकाचे मन दुखावू नये एवढी काळजी घेतली गेली. पण नाव पेनाने बदलता येते. चेहरा बदलायचा तर चित्रच नवे काढावे लागते.

ढोल बडवणारे

त्या पहिल्या पानावरचे ढोलही आम्ही विसरू नयेत. उधव्याच्या मुलाला ढोल आणि तारपा परके नव्हेत. आमचे शेजारी वारली. दुधी भोपळा आणि बांबूचा तारपा वाजू लागला की फेर धरला जाई, आणि तो जगाचा अंत आला म्हणून नव्हे, तर नवे धान्य घरात आले म्हणून. ज्या १९३४ साली रेमंडने जंगलातल्या माणसाला बिननावाचा, ओरडणारा घोळका करून टाकले, त्याच साली जिव्या सोमा म्हसे जन्मले. डहाणूच्या गंजाडला राहून त्यांनी वारल्यांचे जग, त्यांचा तारपा, त्यांचा फेर स्वतःच्या हाताने काढला आणि जगभर नेला. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. आणि संकटापुढे हातपाय गाळण्याविषयी बोलायचे तर मे १९४५ मध्ये याच तलासरीतल्या झरीला वारल्यांची परिषद भरली. गोदावरी परुळेकरांच्या साथीने वेठबिगारी आणि लग्नगडीची पद्धत मोडून काढण्याचा लढा उभा राहिला. तलवाड्याच्या गोळीबारात जेठ्या गांगडसह माणसे मेली, पण लढा मागे हटला नाही. ज्याचे चित्र दुसरा काढतो तो घोळका असतो. जो स्वतःचे चित्र काढतो तो माणूस ठरतो.

आपल्या घरातले मिंग

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. परक्याला खलनायक करण्याची खोड पश्चिमेचीच नाही. फिर्दौसीच्या 'शाहनाम्या'त (१०१०) शत्रू आहे तुराणचा अफ्रासियाब, म्हणजे सीमेपलीकडचा. तेच नाव पुढे 'तिलिस्म-ए-होशरुबा'त जादूगारांच्या सम्राटाला मिळाले. महंमद हुसेन जाह यांची ही उर्दू दास्तान लखनौच्या नवलकिशोर प्रेसने १८८३ पासून छापली. तिथला तिलिस्म मोंगोसारखाच अद्भुत आहे, आणि तिथेही समोरचा पक्ष परधर्मी, जादूटोण्याचा, हरण्यासाठीच जन्मलेला आहे. ती दास्तान आम्ही टाकून देत नाही, आणि टाकूही नये. मग जी फूटपट्टी मिंगला लावली, ती अफ्रासियाबलाही लावावी. न्याय एकाच बाजूने मागता येत नाही.

आणि आपल्याच परंपरेत वेगळी वाटही आहे. फ्लॅश गॉर्डनच्या २९ वर्षे आधी, १९०५ मध्ये, बंगालच्या रुकय्या सखावत हुसेन यांनी 'सुलतानाज ड्रीम' ही इंग्रजी कथा मद्रासच्या 'इंडियन लेडीज मॅगझिन'मध्ये लिहिली. त्यात स्त्रिया विद्यापीठ चालवतात, ढगांतून पाणी खेचतात, सूर्याची उष्णता साठवतात आणि हवेत उडणाऱ्या गाडीतून फिरतात. शत्रूचे सैन्य त्या साठवलेल्या उष्णतेने पळवून लावतात. पडद्यात वाढलेल्या एका मुस्लिम स्त्रीने विज्ञानाची सूत्रे स्त्रियांच्या हाती दिली. पुढे याच रुकय्यांनी मुलींची शाळा काढून, घरोघर जाऊन विद्यार्थिनी मिळवल्या. उधव्याच्या मुलामुलींपर्यंत मिंग पोहोचला, रुकय्या पोहोचल्या नाहीत. हा प्रश्न कथेचा नव्हे, वितरणाचा आहे, भाषांतराचा आहे, आणि आपल्या उदासीनतेचाही आहे.

उत्तर नव्या चित्राने

इंद्रजालमध्ये एक उत्तर आले ते १९७६ मध्ये. 'बहादूर'. चंबळच्या दरोडेखोराचा मुलगा, अंगात भगवा कुर्ता आणि जीन पँट, कायद्याच्या बाजूने उभा. या नायकाचे जनक आबिद सुरती. १९३५ मध्ये गुजरातेत जन्मलेले, मुंबईत वाढलेले. महायुद्धाच्या काळात सैनिकांच्या गाडीतून फेकल्या गेलेल्या कॉमिकचे एक पान आपल्या हाती लागले आणि त्यावरचा मिकी माउस गिरवत आपण चित्रकला शिकलो, ही आठवण त्यांनी मुलाखतींत सांगितली आहे. परक्याचे पान घेऊन त्यांनी सुरुवात केली आणि आपल्या मातीतला माणूस काढून दाखवला. त्यांनी त्या पानाची तक्रार केली नाही, ते पुढे नेले.

आम्ही फ्लॅश गॉर्डन आजही वाचतो. रेमंडची रेघ आजही विलक्षण वाटते. पंखवाल्या माणसांचे आकाशातले शहर पाहून आजही छाती भरून येते. या मालिकेचे हक्क मिळाले नाहीत म्हणून जॉर्ज लुकासने १९७७ चा 'स्टार वॉर्स' काढला, एवढी ताकद तिच्यात होती. मुलांच्या हातून ते पुस्तक काढून घ्यावे असे आम्ही म्हणणार नाही. त्यांच्या शेजारी बसून पहिले पान एकदा सावकाश वाचावे. हा अरब मक्केची दिशा कशी शोधत असेल, असे विचारावे. मग त्यांना कागद, कंपास आणि पृथ्वीचा गोल द्यावा.

विज्ञानकथा मराठीत आहे, चांगली आहे. तीत सलमा नावाची खगोलशास्त्रज्ञ, तलासरीचा वारली अंतराळवीर, हे अजून यायचे आहेत. ते आणण्याचे काम दुसऱ्या कोणाचे नाही. जी मुले आज मोबाइलवर नवा मिंग पाहताहेत, त्यांच्यापैकीच कोणीतरी ते करणार आहे. त्यांना आकाश आपलेही आहे एवढे कळले, तरी पुष्कळ झाले.