पर्यवेक्षकाचे प्रशिक्षण : चिकित्सा मानसशास्त्रातील एका दुर्लक्षित प्रश्नाचा इतिहास (१९२० ते २०१५)

प्रस्तावना :

मानसोपचार ही केवळ ग्रंथवाचनाने साध्य होणारी विद्या नाही. प्रशिक्षणार्थी प्रत्यक्ष रुग्णासमोर बसतो आणि त्याच्या कामावर एखाद्या अनुभवी उपचारकाची देखरेख असते. या देखरेखीस ‘पर्यवेक्षण’ असे म्हटले जाते. पर्यवेक्षकावर तिहेरी जबाबदारी असते. त्याने प्रशिक्षणार्थीस शिकवावे, त्याचे मूल्यमापन करावे आणि ज्या रुग्णास त्याने बहुधा पाहिलेलेही नसते, त्याच्या हिताचे रक्षण करावे, अशी त्याच्याकडून अपेक्षा असते. इतकी मोठी जबाबदारी पेलणाऱ्या व्यक्तीला त्या कामाचे प्रशिक्षण कोण देते, हा प्रश्न मात्र या शास्त्राच्या इतिहासात फार उशिरा विचारला गेला. उत्तम उपचारक हा आपोआपच उत्तम पर्यवेक्षक होतो, असे दीर्घकाळ गृहीत धरले गेले. हे गृहीतक कसे निर्माण झाले व कोणत्या कारणांनी ते ढासळले, याचा ऐतिहासिक आढावा घेणे हे प्रस्तुत निबंधाचे उद्दिष्ट आहे.

१. बर्लिनची परंपरा आणि ज्येष्ठतेचा अधिकार :

पर्यवेक्षणाला संस्थात्मक रूप प्रथम मनोविश्लेषणाच्या क्षेत्रात प्राप्त झाले. मॅक्स आयटिंगॉन यांच्या पुढाकाराने १९२० मध्ये बर्लिन येथे मनोविश्लेषणाचे चिकित्सालय सुरू झाले. प्रशिक्षणार्थीचे स्वतःचे विश्लेषण, सैद्धांतिक अध्यापन आणि ज्येष्ठांच्या देखरेखीखाली केलेले रुग्णांचे विश्लेषण, अशी प्रशिक्षणाची त्रिसूत्री तेथे रूढ झाली. यांपैकी तिसऱ्या अंगास ‘नियंत्रण-विश्लेषण’ ही संज्ञा होती. १९२५ मध्ये आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण आयोगाची स्थापना झाली आणि ही पद्धती अन्य देशांतही प्रमाण मानली जाऊ लागली.

याच काळात बुडापेस्ट व व्हिएन्ना येथील विश्लेषकांमध्ये एक मतभेद उद्भवला. प्रशिक्षणार्थीचे विश्लेषण करणाऱ्यानेच त्याच्या पहिल्या रुग्णाचे पर्यवेक्षण करावे, असे विल्मा कोव्हाच व त्यांचे हंगेरियन सहकारी मानत. रुग्णासमोर प्रशिक्षणार्थीच्या मनात उमटणाऱ्या भावना तोच विश्लेषक अधिक चांगल्या रीतीने ओळखू शकेल, हे त्यामागील कारण होते. व्हिएन्नाच्या पक्षास ही दोन्ही कामे वेगळ्या व्यक्तींकडे असावीत असे वाटे, कारण पर्यवेक्षण हे मुख्यत्वे अध्यापन आहे, अशी त्यांची धारणा होती. पर्यवेक्षण कोणी करावे, याविषयी हा वाद होता. पर्यवेक्षकाने पर्यवेक्षण कोठे शिकावे, हा मुद्दा दोन्ही पक्षांच्या विचारकक्षेबाहेरच राहिला. ज्येष्ठता हीच पात्रता मानली गेली. मायकेल बालिंट यांनी १९४८ मध्ये या प्रशिक्षणव्यवस्थेतील अधिकारशाहीवर कठोर टीका केली, ही बाब या संदर्भात लक्षणीय आहे.

भारतातील चित्र वेगळे होते. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये कोलकाता येथे भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. फ्रॉइड यांच्याशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार होता. परंतु त्यांचे स्वतःचे विश्लेषण कोणी केले नव्हते, तसेच कोणाच्या देखरेखीखाली त्यांनी रुग्ण पाहिले नव्हते. म्हणजेच भारतातील पहिल्या पिढीच्या प्रशिक्षकास स्वतःला पर्यवेक्षणाचा अनुभव नव्हता.

२. ध्वनिमुद्रणाने उघड केलेली उणीव :

प्रशिक्षणार्थी जे सांगेल त्यावरच पर्यवेक्षकाने विसंबून राहावे, अशी प्रारंभीची रीत होती. कार्ल रॉजर्स यांनी ओहायो राज्य विद्यापीठात मुलाखतींचे ध्वनिमुद्रण सुरू केल्यानंतर या रीतीला पहिला धक्का बसला. १९४२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात एका उपचारार्थीच्या आठ मुलाखती जशाच्या तशा छापल्या होत्या. आपण रुग्णास मोकळेपणाने बोलू देतो असे समजणारा उपचारक प्रत्यक्षात त्याला किती वेळा सूचना करतो, हे ध्वनिमुद्रणातून स्पष्ट होऊ लागले.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत प्रशिक्षणाचा विस्तार झपाट्याने झाला. मानसिक उपचारांची गरज असलेल्या माजी सैनिकांची संख्या मोठी होती आणि प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ फारच थोडे होते. १९४६ मध्ये माजी सैनिकांसाठी असलेल्या शासकीय यंत्रणेने विद्यापीठांच्या सहकार्याने प्रशिक्षण योजना हाती घेतली. १९४९ च्या बोल्डर परिषदेने चिकित्सा मानसशास्त्रज्ञ हा संशोधक व व्यावसायिक अशा दोन्ही भूमिकांसाठी तयार व्हावा, असे ठरविले. पर्यवेक्षणाखालील प्रत्यक्ष कार्य हा अभ्यासक्रमाचा आवश्यक भाग ठरला. पर्यवेक्षकांची गरज वाढली. त्यांच्या तयारीचा विचार मात्र मागेच राहिला.

३. पर्यवेक्षण : एक स्वतंत्र नाते :

१९५० च्या दशकात विचाराची दिशा बदलू लागली. हॅरॉल्ड सर्ल्स यांनी १९५५ मध्ये असे दाखवून दिले की, रुग्ण व उपचारक यांच्यात जे घडते त्याचे प्रतिबिंब उपचारक व पर्यवेक्षक यांच्या संबंधातही पडते. १९५८ मध्ये रुडॉल्फ एकस्टाइन आणि रॉबर्ट वॉलरस्टाइन यांनी मानसोपचाराच्या अध्यापनावरील ग्रंथात या ‘समांतर प्रक्रिये’चे सविस्तर विवेचन केले. रुग्णासमोर हतबल झालेला प्रशिक्षणार्थी नकळत पर्यवेक्षकासमोर तसाच हतबल होतो आणि पर्यवेक्षकही घाईने उपाय सुचवू लागतो. ही गोष्ट वेळीच ओळखणे हे उपचारकौशल्याहून निराळे कौशल्य होय.

नॉर्मन कॅगन यांनी १९६० च्या दशकात मिशिगन राज्य विद्यापीठात विकसित केलेल्या पद्धतीत प्रशिक्षणार्थीस त्याच्या मुलाखतीचे चित्रमुद्रण दाखविले जाई. त्या क्षणी मनात काय आले होते, एवढेच त्याला विचारले जाई. विचारणाऱ्याने मूल्यमापन किंवा उपदेश करावयाचा नसे. हा संयम अनुभवी व्यक्तीलाही प्रयत्नपूर्वक शिकावा लागे. पुढे जनीन बर्नार्ड (१९७९) यांनी अध्यापक, समुपदेशक व सल्लागार अशा पर्यवेक्षकाच्या तीन भूमिका सांगितल्या, तर कॅल स्टोल्टनबर्ग (१९८१) यांनी प्रशिक्षणार्थीच्या विकासाच्या अवस्थांनुसार पर्यवेक्षणात बदल व्हावा, असे प्रतिपादन केले.

४. मौन आणि उत्तरदायित्व :

पर्यवेक्षण सदोष असेल तर त्याची झळ तिसऱ्याच व्यक्तीस पोहोचते. १९६९ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील एका विद्यार्थ्याने आपल्या मानसशास्त्रज्ञाजवळ एका तरुणीच्या हत्येचा विचार बोलून दाखविला. मानसशास्त्रज्ञाने विद्यापीठाच्या पोलिसांना कळविले. पोलिसांनी विद्यार्थ्यास ताब्यात घेऊन सोडून दिले. त्यानंतर मानसोपचार विभागाच्या प्रमुखाने त्याला ताब्यात ठेवण्यासाठी पुढील कारवाई करू नये, असे सांगितले. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये तात्याना तारासॉफ या तरुणीची हत्या झाली. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने धोक्यात असलेल्या व्यक्तीच्या रक्षणासाठी वाजवी काळजी घेणे हे उपचारकाचे कर्तव्य ठरविले. या खटल्यात उपचारकाबरोबर त्याचे वरिष्ठही प्रतिवादी होते. वरिष्ठाचा निर्णय हाही उत्तरदायित्वाचा विषय आहे, ही जाणीव यातून दृढ झाली.

दुसरा प्रश्न मौनाचा होता. निकोलस लादानी व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुमारे ९७ टक्के प्रशिक्षणार्थींनी पर्यवेक्षकापासून काही ना काही लपविल्याचे मान्य केले. लपविलेल्या गोष्टींत पर्यवेक्षकाविषयीच्या प्रतिकूल भावना सर्वाधिक होत्या. जो गुण देणार, त्याच्यापुढे चूक कशी कबूल करावी, ही अडचण स्वाभाविक आहे. परंतु ती कबुली अडली की रुग्णाची हानी झाकली जाते. म्हणून प्रशिक्षणार्थीला निर्भयपणे बोलता येईल असे वातावरण निर्माण करणे, ही पर्यवेक्षकाची प्राथमिक क्षमता ठरते.

५. क्षमतेकडून नियमनाकडे :

२००२ मध्ये अमेरिकेतील स्कॉट्सडेल येथे भरलेल्या क्षमताविषयक परिषदेत पर्यवेक्षणाचा स्वतंत्र गटाने विचार केला. कॅरल फॅलेंडर व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निवेदनात पर्यवेक्षणक्षमता ही आयुष्यभर वाढत जाणारी व औपचारिक प्रशिक्षणाची अपेक्षा करणारी क्षमता मानण्यात आली. अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेने २०१४ मध्ये स्वीकारलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत सात क्षेत्रे निश्चित केली आणि त्यांत पर्यवेक्षकाच्या स्वतःच्या क्षमतेला पहिले स्थान दिले. ऑस्ट्रेलियाने नियमनाचा मार्ग अवलंबिला. तेथील मानसशास्त्र मंडळाने पर्यवेक्षक म्हणून मान्यता मिळविण्यासाठी प्रशिक्षण आवश्यक केले व मान्यता टिकविण्यासाठी ठरावीक काळाने पुनःप्रशिक्षणाची अट घातली.

भारतात बंगळुरू येथील अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्थेत १९५५ मध्ये या विषयाचे व्यावसायिक प्रशिक्षण सुरू झाले. भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम, १९९२ नंतर चिकित्सा मानसशास्त्रज्ञांच्या शिक्षणास व नोंदणीस वैधानिक आधार मिळाला. दोन वर्षांचा एम.फिल. अभ्यासक्रम हा दीर्घकाळ या व्यवसायाचा प्रमुख मार्ग राहिला आणि त्यात पर्यवेक्षणाखालील रुग्णसेवेस मध्यवर्ती स्थान होते. या व्यवस्थेचा भर मात्र प्रशिक्षणार्थीच्या तयारीवरच राहिला.

समारोप :

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, पर्यवेक्षकाच्या प्रशिक्षणाची गरज केवळ सिद्धांतातून पुढे आली नाही. ध्वनिमुद्रण, न्यायालयीन निर्णय आणि प्रशिक्षणार्थींची कबुली यांनी अनुभवी व्यक्तीच्या आत्मविश्वासातील उणिवा उघड केल्या. महाविद्यालयीन क्षेत्राला हा अनुभव परका नाही. विषयाचा विद्वान हा आपोआप उत्तम अध्यापक असतो, हे गृहीतकही असेच दीर्घकाळ टिकले होते. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर सुरू झालेल्या उद्बोधन व उजळणी वर्गांनी त्याचा फेरविचार घडविला. त्या वर्गांतील उपस्थिती पुष्कळदा प्रमाणपत्रापुरती उरली, हेही नाकारता येत नाही. पर्यवेक्षकांच्या प्रशिक्षणापुढेही हाच धोका आहे. केवळ तास भरल्याने पर्यवेक्षक घडत नाही. आपले पर्यवेक्षणही कोणी पाहावे, तपासावे आणि त्यातील चूक दाखवावी, याची तयारी त्याच्या ठायी असावी लागते. प्रशिक्षणार्थीकडून जी पारदर्शकता अपेक्षिली जाते, ती पर्यवेक्षकाने स्वतःलाही लागू केली, तरच दाराआड बसलेल्या त्या रुग्णाचे हित सुरक्षित राहील.